चिमणाबाई हयात असताना

मंडळीत वाचन सप्ताहाच्या चिठ्ठ्या निघाल्या की सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: स्तोत्रं कुणाच्या वाट्याला आली? कोल्हापुरातल्या या जुन्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचतात, अगदी पहिल्या पानापासून. गावात पारायणं बसतात ना, तसंच. प्रत्येक घराला चिठ्ठीनं वाटा मिळतो. स्तोत्रं मिळाली की घरात आनंद, शुभवर्तमान मिळालं की अभिमान. आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातले सुरुवातीचे नऊ अध्याय मिळाले की त्या घरात नेमका कुणाला तरी ताप येतो. कारण त्या नऊ अध्यायांत नुसती नावं आहेत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका, आणि एकेक नाव असं की जिभेची घडीच पडावी.

एकतीस वर्षांपूर्वी विमला उभी राहिली आणि म्हणाली, "ते नऊ अध्याय चिठ्ठीत घालू नका. ते माझे."

तेव्हापासून मंडळी तिच्या भक्तीचं कौतुक करत आली. भक्तीचा तिथं काडीचा संबंध नव्हता. विमलाला ती नावं आवडायची, कारण त्यात कुणाची सुटका नव्हती.

विमला म्हणजे महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. वय अडुसष्ट, अंगानं काटकुळी, आवाज मात्र तासाच्या घंटेसारखा खणखणीत. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत एकटी राहते. लग्न केलं नाही. म्हणजे ठरत आलं होतं दोनदा. दोन्ही वेळा पाहुण्यांनी बापाचं नाव विचारलं आणि चहा अर्धा ठेवून उठले. ती नाव लावते ते विमला चिमणाबाई. वर्गातली पोरं हसायची, तेव्हा ती फळ्यावर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहायची आणि म्हणायची, "हसून झालं? आता पाढे."

बापाचं नाव तिला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या मंडळीलाच ठाऊक होतं. बाप म्हणजे दादा तुरंबेकर, राधानगरीकडच्या तुरंबेकरांच्या घराण्यातला. त्याचा आजा केरबा प्लेगच्या साथीत मिशनच्या दवाखान्यात वाचला आणि घरादारासकट येशूच्या पायाशी आला. दादानं गगनबावड्याच्या चिमणाबाईशी याच मंडळीत लग्न लावलं, त्यांना विमला झाली. मग दादाला बांधकामाची मोठी कामं मिळू लागली आणि डोंगरातली, अंगठा उठवणारी बायको त्याला खुपायला लागली. पोर वर्षाचीही नव्हती तेव्हा त्यानं दोघींना माहेरी पोचवलं, ते परत आणलंच नाही. दोनेक वर्षांत दुसऱ्या गावच्या मंडळीत जाऊन त्यानं बनाबाई नावाच्या सधन घरच्या मुलीशी लग्न केलं. इथल्या लग्नाच्या नोंदीचं पान वाळवीनं खाल्लं असं सांगतात. नोंदवही दादाच्याच ताब्यात होती, आणि वाळवीनं अख्ख्या वहीत नेमकं तेवढंच पान खाल्लं.

चिमणाबाई मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायला लागली आणि मरेपर्यंत थापत राहिली. मॅट्रिकच्या फॉर्मवर बापाची सही लागणार म्हणून पंधरा वर्षांची विमला एकदा दादाच्या दारात गेली. पुढच्या सोप्यात तेव्हाचे पाळक, मंडळीचे धर्मगुरू, बसले होते. त्यांच्यादेखत दादा म्हणाला, "कुणाची पोर ही? मला ठाऊक न्हाय." पाळकांनी चहाच्या कपात बघितलं. विमला फॉर्म घेऊन परत आली. ते तीन शब्द तिनं त्या दिवसापासून जपून ठेवले. मला ठाऊक न्हाय.

दादा मेला, अमरसिंह कर्ता झाला. बनाबाईचा हा थोरला, विमलाहून चार वर्षांनी लहान. पुढं चिमणाबाई गेली तेव्हा मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी तोच होता. विमलानं आईसाठी दफनभूमीत तुरंबेकरांच्या रांगेत जागा मागितली. अमरसिंहानं निरोप धाडला की त्या रांगेत जागा नाही. जागा होती. तिथं आजही जागा आहे, गवत वाढलंय. चिमणाबाईला नाल्याकडच्या भिंतीपाशी मूठमाती मिळाली आणि तुरंबेकरांपैकी एकही माणूस मूठभर माती टाकायला आला नाही. एवढं सगळं झाल्यावर कुणी विमलाला क्षमेविषयी सांगायला लागलं की ती शांतपणे विचारायची, "प्रभूची वंशावळ वाचलीस का?"

तिचं म्हणणं साधं होतं. मत्तयानं प्रभूची वंशावळ लिहिली, बापामागून बाप मांडले. दाविद राजापाशी आल्यावर त्याला शलमोनाच्या आईचं नाव सरळ लिहिता आलं असतं. त्यानं लिहिलं, उरीयाची बायको. उरीया म्हणजे ज्याची बायको दाविदानं घेतली आणि ज्याला लढाईत पुढं घालून मारवलं, तो. त्याला मरून हजार वर्षं झाली होती. दाविदाला देवानं क्षमा केली होती, त्याची स्तोत्रं घरोघर म्हणत होते. तरी प्रत्येक नाताळात प्रभूच्या जन्माआधी दाविदाची चोरी वाचून दाखवावी लागते, ती आजतागायत. विमला म्हणायची, "देव क्षमा करतोय, पण खोडत न्हाय." आणि हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते काही फार ख्रिस्ती नव्हतं.

यंदा मंडळीला सव्वाशे वर्षं झाली. अमरसिंह आता कमिटीचा अध्यक्ष. त्याच्या डोक्यातून स्मरणिका निघाली: मंडळीतल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी छापायच्या. आणि त्यावरचा कळस म्हणजे समारंभाच्या दिवशी मांडवात हेळवी बोलवायचा.

हेळवी म्हणजे या भागात घराण्यांच्या वह्या सांभाळणारी माणसं. पूर्वी बैलावर बसून गावोगाव येत, घराच्या अंगणात वही उघडून सात पिढ्या वाचत, नवी नावं लिहून घेत आणि धान्य नाहीतर भांडं घेऊन पुढच्या गावाला जात. आपले पूर्वज काही असेतसे नव्हते, सात पिढ्यांची वही असलेलं घराणं होतं, हे चार आमदार-नगरसेवकांसमोर मांडवात वाचलं जावं, एवढीच अमरसिंहाची हौस. हौस करताना त्यानं एक चूक केली. वहीत काय आहे ते आधी ऐकून घेतलं नाही.

सप्ताहाच्या आधीच्या बुधवारी भर दुपारी विमलाच्या दारात एक मोटरसायकल थांबली. डोक्याला तांबडा पटका, पाठीला कापडात बांधलेली लांबोडकी वही.

"पावणं, कुणाकडं?" विमलानं विचारलं.

"विमला, चिमणाबाईची लेक. हितंच ऱ्हातीया न्हवं?"

तिला आईच्या नावानं विचारत आलेला हा आयुष्यातला पहिला माणूस. तिनं त्याला आत घेतलं, पाणी दिलं. हेळव्यानं सांगितलं की वही वाचायच्या आधी तीत असलेली माणसं हयात आहेत की नाहीत ते बघून यायचं ही त्यांची रीत. मग त्यानं कापड सोडलं. केरबाच्या नावापुढं लिहिलं होतं, येशूच्या धर्मात गेला. तेवढंच, ना बरं ना वाईट.

"धर्म बदलला तर तुम्ही वही बंद करत न्हाय?" विमलानं विचारलं.

"वही धरम कुठं बघती, अव्वा? कुणाच्या पोटी कोण, एवढंच बघती." त्यानं बोट खाली सरकवलं. "दादा. बायकू चिमणाबाई, म्हायेर गगनबावडा. पोटी कन्या विमला. पोरींची नावं आमी सहसा लिवत न्हाय. पर ही माझ्या बानं लिवलीया. बाजूला दान बी लिवलंय बगा. पितळंची घागर."

विमलाला घागर आठवली. पाच वर्षांची होती ती. बोर्डिंगच्या मागच्या दारात गळ्यात घंटा बांधलेला एक मोठा बैल उभा राहिलेला आठवला, आणि त्यानंतर आई पत्र्याच्या डब्यानं पाणी भरायला लागली तेही आठवलं. "आपली घागर कुठं गेली?" असं विचारल्यावर आई म्हणाली होती, "गळत होती, मोडीत घातली."

माहेराहून आलेली ती एकच वस्तू होती चिमणाबाईकडं. मंडळीच्या वहीतून लग्नाचं पान गेलं, म्हणून तिनं परक्या वहीत लेकीची एक ओळ विकत घेतली आणि वर पस्तीस वर्षं तोंडातून अक्षर काढलं नाही. विमलाला रडू आलं नाही. तिला संताप आला. आधी आईचा आला, सांगितलं का नाहीस म्हणून. मग दादाचा आला, आणि तो इतका ताजा होता की तिलाच नवल वाटलं.

"ह्याच्या खाली काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"कायबी न्हाय. त्याच दिवशी दादानं माझ्या बाला दारातनं हाकलला. म्हनला, आमी आता शिकली सवरली मानसं, तुजी वही घाल चुलीत. तवापास्नं पान कोरं हाय."

"म्हणजे अमरसिंहाचं नाव..."

"न्हाय की. बनाबाईचंबी न्हाय. आता घालायचं म्हटलं तर वहीत जे हयात हाईत त्यातल्या थोरल्यानं तोंडानं सांगाय लागतंय. त्याबगर आमी शाई लावत न्हाय. आन हयात म्हंजे तुमीच एकट्या."

विमला हसली. पोटातून हसली. "हे अमरसिंहाला सांगितलंत?"

"सांगाय गेलतो. त्येस्नी फोन चालू हुता. म्हनले, मांडवात काय ते वाच, झोकात वाच. तुमी सांगा त्येस्नी, अव्वा."

"सांगते की," विमला म्हणाली. तिनं हेळव्याला गरम भाकरी आणि झुणका वाढला, आणि अमरसिंहाला काहीही सांगितलं नाही.

शुक्रवारी स्मरणिकेची कच्ची पानं तपासायला तिच्याकडंच आली. नावांतल्या चुका तिच्याइतक्या कुणाला सापडत नाहीत. तुरंबेकरांच्या पानावर दादा, पत्नी बनाबाई, चिरंजीव अमरसिंह, त्याचा मुलगा विश्वजित, अशी ठळक अक्षरांत उतरंड होती. विमलाच्या हातून आजवर एकही कागद लाल खुणेशिवाय परत गेलेला नव्हता. हा गेला. अमरसिंहाच्या ते लक्षातही आलं नाही. उलट "बाईंनीसुद्धा आमच्या पानाला पास केलं," असं तो चारचौघांत सांगत सुटला.

पुढचे आठ दिवस विमलाचे फार सुखात गेले. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती ते तीन शब्द म्हणून बघायची. मांडव भरलेला असेल. हेळवी विचारेल, ह्यो अमरसिंह कोण? आणि ती उभी राहून म्हणेल, मला ठाऊक न्हाय. बापाचंच वाक्य, बापाच्याच आवाजात.

समारंभाच्या रविवारी सकाळी मंडळीच्या पटांगणात मांडव गच्च भरला होता. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर पांढरी आवरणं, अमरसिंहाच्या डोक्याला भगवा कोल्हापुरी फेटा. सुरुवातीला विमलाचं वाचन; ते नऊ अध्याय यंदा समारंभासाठी राखून ठेवले होते. आदाम, शेथ, अनोश. ती न अडखळता पुढं गेली. सातव्या अध्यायात एफ्राइमाच्या घराण्यात शेरा नावाची एक मुलगी मध्येच येते, तिनं गावं वसवली म्हणून तिचं नाव राहिलं. तिथं विमला थोडी थांबली, नाव पुन्हा एकदा वाचलं आणि पुढं गेली.

मग पाळक बोलले. यशराज त्यांचं नाव, वयानं तिशीतले, नवेच आलेले. ते म्हणाले की ही नावं आपण वाचतो कारण यांच्यातूनच प्रभू आला. यात परक्या बायका आहेत, फसवले गेलेले आहेत, फसवणारेही आहेत. लाज वाटून एकालाही वगळलं असतं, तर पुढची ओळ लिहिताच आली नसती.

बरं बोलतोय पोरगा, विमलाच्या मनात आलं. ती पहिल्या रांगेत बसली, अमरसिंहाचा चेहरा नीट दिसेल अशी.

हेळव्यानं वही कपाळाला लावली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. पिढ्यांमागून पिढ्या निघाल्या. केरबा आला तेव्हा टाळ्या पडल्या. अमरसिंहानं फेटा सारखा केला.

"केरबाचा नातू दादा! बायकू चिमणाबाई, म्हायेर गगनबावडा! पोटी कन्या विमला!"

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. हेळव्यानं रीतीप्रमाणं मान वर केली आणि विचारलं, "कन्या विमला हयात हाय का?"

विमला उठली. अडुसष्ट वर्षांत तिला या घराण्यात कुणी हाक मारली नव्हती.

"हाय," ती म्हणाली. "हयात हाय."

"पुढचं वाच, पुढचं," अमरसिंह दातओठ खात पुटपुटला, पण माइक जवळच होता आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"फुडं कायबी न्हाय, साहेब," हेळवी माइकमधूनच म्हणाला. त्यानं कोरं पान सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि रीत समजावून सांगितली. मग तो विमलाकडं वळला. "अव्वा, तुमीच सांगा. ह्येंचं नाव लिवायचं का? हे कोण?"

अमरसिंहाचा चेहरा कागदासारखा झाला. तो तिच्याकडं बघत होता, आणि तसं बघणं विमलाच्या ओळखीचं होतं. दुसऱ्याच्या दारात उभं राहून स्वतःच्या नावासाठी तोंडाकडं बघत राहायचं. तिला त्याची दया आली असं म्हणावं, तर खोटं होईल. तिला गोड वाटलं. तीन शब्द ओठांवर आले.

आणि तिथंच ती अडली. समोर कोरं पान होतं. ती "ठाऊक न्हाय" म्हणाली तर ते कोरंच राहणार. बनाबाई नाही, अमरसिंह नाही. मग त्या वहीत दादा कोण उरला? एका बायकोचा नवरा आणि एका लेकीचा बाप. सज्जन माणूस! पुढं कधी कुणी ही वही उघडली, तर त्याला दादानं काय केलं ते कळणारच नाही. चिमणाबाईच्या भाकऱ्या, पत्र्याचा डबा, नाल्याकडची भिंत, यातलं काहीच घडलं नाही असं होईल. एवढी वर्षं नावं वाचून तिच्या आता ध्यानात आलं, वगळलं की माणूस सुटतो. आणि दादाला ती सुटू देणार नव्हती.

"लिवा," विमला म्हणाली. "सांगते तसंच लिवा. एक शब्द इकडचा तिकडं करू नका."

हेळव्यानं पेन उघडलं.

"दादानं चिमणाबाई हयात असताना केलेली बनाबाई. तिच्या पोटी अमरसिंह."

फळ्यावर शुद्धलेखन घालावं तसं तिनं ते दोनदा सांगितलं. म्हाताऱ्या बायकांपैकी एक-दोघी, चिमणाबाईच्या हातची भाकरी खाल्लेल्या, माना खाली घालून डोळे पुसत होत्या. हेळव्यानं शेवटचं अक्षर काढलं आणि विचारलं, "आन ह्ये तुमचे कोण लागत्यात?"

हे काही तिनं घोकून ठेवलं नव्हतं. तिनं वहीतल्या ओल्या शाईकडं बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली. "धाकटा."

गुरुवारी संध्याकाळी अमरसिंह तिच्या दारात आला. एकटाच, फेटा नाही, हातात स्मरणिकेची पानं. पाळकांनी तुरंबेकरांचं पान थांबवून ठेवलं होतं. सगळ्या मंडळीनं ऐकलंय तसंच छापायचं, नाहीतर पानच नको, असं ते म्हणाले होते.

"आक्का," अमरसिंह म्हणाला. हा शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढला होता आणि तो कशासाठी काढलाय ते विमलाला स्वच्छ दिसत होतं. "तुझं नाव घालतो. आईचंबी घालतो, पहिल्या जागी घालतो. फकस्त ते तीन शब्द काढूया. चिमणाबाई हयात असताना. माझी नातवंडं वाचत्याल गं."

"वाचू देत की," विमला म्हणाली. "त्यासाठीच लिवलंय."

"माझा काय गुन्हा त्यात? मी जन्मलोबी नव्हतो."

"शलमोनबी जन्मला नव्हता. तुझ्या बापानं पान खाल्लं, तू जागा खाल्लीस. तुझ्या वाट्याचं तर मी लिवलंबी न्हाय अजून." तिनं त्याच्या हातातली पानं घेऊन परत त्याच्याच हातात ठेवली. "मत्तयातनं उरीयाचं नाव खोडून आण. मग मीबी खोडते."

तो बसून राहिला. तिनं चहा ठेवला. भाऊ म्हटल्यावर तेवढं करणं भाग होतं. साखर मात्र विचारून घातली, परक्याला विचारतात तशी. त्यानं चहा पुरा पिला आणि पानं घेऊन गेला.

नाताळाच्या आधी स्मरणिका निघाली. ओळ होती तशीच होती.

त्यानंतरच्या रविवारी उपासना सुटल्यावर विमलाच्या बोर्डिंगातल्या जुन्या मैत्रिणीनं, संयोगितानं, तिला दारातच गाठलं. सकाळी ती दफनभूमीत गेली होती. तिथं नाल्याकडच्या भिंतीपाशी अमरसिंह एकटाच उभा दिसला. खाली वाकून त्यानं चिमणाबाईच्या थडग्यावर मूठभर माती टाकली आणि कुणी बघायच्या आत निघून गेला. सांगताना संयोगिताचे डोळे भरून आले होते.

विमलानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

"एकच मूठ?" ती म्हणाली. "बाच्या वाटणीची ऱ्हायली की."